मस्कत सव्वा तासावर

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, मागाल ते. बाई तिकिटाचं दुकान चालवते याचं आता कुणाला नवल वाटत नाही, नवल वाटतं ते माझ्या तोंडाचं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "विमान किती वेळात पोचवतं?" मी सांगते, "मुंबई ते मस्कत पावणेतीन तास. रत्नागिरी ते मुंबई किती, ते देवाला आणि हायवेला विचारा." माणसं हसतात. मी थट्टा करत नसते. दोन विमानतळांमधलं अंतर सगळीकडे छापलेलं असतं, पण आपल्या उंबऱ्यापासून विमानापर्यंतचं कोण छापणार? आमच्या माणसांचा खरा जीव जातो तो तिथेच.

माझ्या ताईचा तर चांगलाच गेला. ताई माझ्याहून मोठी. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला मध्येच खाडीकडे एक फाटा उतरतो, तिथल्या गावात तिचं सासर. भाऊजी अगदी अबोल. आंब्याची कलमं सांभाळावी, गावकीच्या बैठकीला शेवटच्या रांगेत बसावं आणि सगळे उठले की आपणही उठावं, असा माणूस. त्या घरात बोलायचं खातं ताईकडे आणि ऐकायचं भाऊजींकडे. एकुलती एक मुलगी, माझी भाची, लग्न करून मस्कतला गेली. जावई कोल्हापूरकडचे, तिथे नोकरीला. सगळं छान होतं, पण बरीच वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, उपास झाले. शेवटी एका शिमग्याला देवीची पालखी दारात आली तेव्हा ताईने भर अंगणात नवस बोलला, "आई, माझ्या लेकीची कूस उजव. पुढच्या शिमग्याला ह्याच अंगणात मी माझ्या तोंडाने तुला सांगेन."

आता ज्यांना आमचा शिमगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देशावर होळी पेटते, दुसऱ्या दिवशी रंग उडतात आणि संपलं. आमच्याकडे होळी पेटली की खरी सुरुवात. ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीने, घराघराने, मानाच्या क्रमाने फिरते. त्याला दिवसच्या दिवस लागतात. मुंबईला गेलेली माणसं नोकरीवर लाथ मारून येतात, पण पालखी दारात आली आणि घराला कुलूप असं होऊ देत नाहीत. पालखी अंगणात येते, चौरंगावर बसते, घरची बाई देवीची ओटी भरते, मानकरी गाऱ्हाणं घालतात, पोरं पालखी नाचवतात आणि पुढच्या घरी जातात. त्यात नवसाचा नियम फार कडक. ज्या अंगणात बोलला त्याच अंगणात फिटणार, आणि बोलणाऱ्याच्याच तोंडून. बदली माणूस चालत नाही.

त्या वर्षीच पावसाळ्यात फोन आला. भाचीला दिवस गेले होते. ताई फोनवर इतकी रडली की भाऊजी घाबरून बाहेर पळाले, त्यांना वाटलं काहीतरी वाईटच झालं.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. दिवसही ठरवून दिला. भाची तशी धीराची, पण त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद सुरू झालं, "आई, तू आधी ये. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही." सासूबाईंना गुडघ्यांमुळे हलता येत नव्हतं. म्हणजे ताईच.

आणि इथे आमच्या जावयांनी घोळ घातला. सख्ख्या मावशीचं तिकिटांचं दुकान असताना ह्या गृहस्थाने तिकडे बसून, फोनवर बोट फिरवून, स्वतःच तिकीट काढलं! वर मला फोन करून कौतुक सांगतात, "मावशी, आईंची होळी बुडू नये म्हणून होळीनंतर चार दिवस सोडून काढलंय बरं का." अहो, चार दिवस सोडले म्हणजे नेमकी ताईच्या वाडीत पालखी यायचा दिवस! मी फोनवरच त्यांच्या नावाने शिमगा केला. कोल्हापूरच्या माणसाला कुणी सांगायचं की होळी एका दिवसात संपत नाही? चूक प्रेमाने केलेली होती, म्हणून मला आणखी राग आला, कारण धड ओरडताही येईना.

मी दुकानात बसून सगळं उलटंपालटं केलं. आधीचं विमान भरलेलं. शिमग्याला आलेली आखाती मंडळी त्याच आठवड्यात परतत होती. नंतरचं विमान घेतलं तर ऑपरेशनचा दिवस हुकत होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

मग मी ताईला म्हटलं, "मानकऱ्यांना विचारूया. एक दिवस आधी फिरवतील तुझ्या घराकडे."

ताई म्हणाली, "मुळीच विचारायचं नाही."

तिला माहीत होतं काय उत्तर येईल ते. आमचे मानकरी म्हणजे सत्तरी ओलांडलेला उंच, काटक म्हातारा. तरुणपणी बोटीवर होते, आता देवीशिवाय दुसरं काही नाही. एका मुंबईकराने मागे रजा संपते म्हणून पालखी आपल्याकडे लवकर आणा म्हटलं होतं. मोठा माणूस, देवळाला घसघशीत देणगी देणारा. मानकऱ्यांनी भर सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, त्याला सुनावलं होतं, "देवी कुनाच्या रजेवर चालत नाय." त्यानंतर पुन्हा कुणाची छाती झाली नव्हती.

"मग नवस?" मी विचारलं.

ताई पापडाचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "देवीला साऱ्या गावाची वाट बघायची सवय आहे गो. माझ्या लेकीला नाही. मी जाते."

एवढंच बोलली. पण तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही, ते भाऊजींनी मला हळूच सांगितलं. ती बाई देवीला शब्द देऊन तो मोडायच्या भीतीने आतून पार पोखरली होती. नवस फिटला नाही आणि पोरीला काही कमीजास्त झालं तर? असले विचार खोटे असतात हे मला कळतं, तिलाही कळतं. रात्री एकटीला ते कळून काही उपयोग नसतो.

मग मी तोडगा काढला. पालखी साधारण सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या दारात येईल असा अंदाज होता. विमान दुपारी दीडचं. म्हणजे अकराला ताई मुंबईच्या विमानतळावर नुसती बसलेली असणार. फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा, ताईने तिकडून बोलायचं. अंगण तेच, तोंड तिचंच. ओटी मी भरायची. हे मानकऱ्यांना चालेल का, ते विचारायला भाऊजी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काहीतरी मागायला गेले असतील. परत आले आणि म्हणाले, "चालेल म्हणाले. तोंड तिचंच पाहिजे म्हणाले."

आदल्या दिवशी ताई निघाली. सुपात ओटीचं सामान स्वतःच्या हाताने मांडून ठेवलं. हिरवी साडी, खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. देवासमोर ठेवून मला दम दिला, "ह्यातलं काही इकडचं तिकडे करू नको. तुझा हात फार वळवळतो." मग उंबऱ्याला हात लावून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तयार. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, चौरंग मांडलेला. खाली शेजारच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता. अकरा वाजले. ताईचा फोन: "आली काय गो?"

"नाही अजून. येतेय."

साडेअकरा. "आली?" "नाही." बारा. "आली?" "ताई, आली की मी करते ना फोन!" पालखी खालच्या वाडीतच अडकली होती. त्या वाडीतली सगळी मुंबईकर मंडळी आलेली, आणि एकेका अंगणात पालखी नाचवून नाचवून पोरं थकेनात. एरवी तो ढोल ऐकून माझेही पाय थिरकतात. त्या दिवशी वाटलं, जाऊन काठीने ढोल फोडावा.

एक वाजून गेल्यावर शेवटचा फोन आला. ताईचा आवाज अगदी लहान झाला होता. "विमानात बसवलंय. ही पोरगी फोन बंद करायला सांगत्ये." मग थोडं थांबून, "राहू दे गो. तू ओटी नीट भर." आणि फोन बंद झाला.

भाऊजी अंगणात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ओळखलं. नेमका त्यानंतर थोड्याच वेळात ढोल चढणीला लागला. अंगणाच्या दगडी गडग्याच्या वरून पालखीचं छत्र दिसलं आणि पालखी अंगणात आली. चौरंगावर बसली. बायकांनी ओवाळलं. मी सूप उचललं. मानकरी म्हणाले, "लाव फोन."

मी म्हटलं, "विमान सुटलं."

ढोलवाल्याने ढोल खांद्यावरून उतरवला. आणि तेव्हा भाऊजी, शेवटच्या रांगेतले माझे भाऊजी, पुढे झाले. त्यांच्या हातात ताईच्या तिकिटाची प्रत होती, मीच छापून दिलेली. ती त्यांनी मानकऱ्यांच्या पुढे धरली.

"दादा, हे बघा. दीडला सुटतं, पावणेतीनला पोचतं. सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. ती उतरली की बोलेल. तेवढी बसवा आईला माझ्या अंगणात. मी आजवर कधी काही मागितलं नाही."

तिकिटावर सुटायची वेळ असते ती इथली आणि पोचायची असते तिथली! मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिकडे पावणेतीन वाजतील तेव्हा आमच्या अंगणात सव्वाचार झालेले असतील. रोज दहा गिऱ्हाइकांना हे घसा फोडून सांगणारी मी, आणि भाऊजींना सांगायचं राहिलं होतं. एरवी मी तिथल्या तिथे ओरडले असते. पण त्यांचा तो पुढे केलेला हात मी बघत होते. पावणेतीन तास म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं? पुढे अख्खी वाडी ताटं वाढून बसली होती. मी जन्मात पहिल्यांदा तोंडाला कुलूप लावलं.

मानकऱ्यांनी तिकीट हातात घेतलं. चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून भाऊजींना परत दिलं आणि पोरांकडे वळून म्हणाले, "सव्वा तास. बसा रे सावलीत."

विमान कुठं पोचलं ते नकाशावर दाखवणारं ॲप मी फोनवर लावून ठेवलं. निळ्या समुद्रावर ते एवढंसं पिवळं विमान, आणि बाजूला उरलेलं अंतर. आधी दोघी बायका बघायला आल्या, मग चार, मग पालखीचे खांदेकरीही. "आता कुठं गो?" "समुद्रावर." "अजून समुद्रावरच?" "मेल्या, विमान आहे ते, तुझी मोटारसायकल नाही."

शेजारच्या काकी गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्यानंतर त्यांचाच मान. सकाळपासून उपाशी, नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, वय ऐंशीच्या घरातलं. मला वाटलं, आता ह्या बोलणार, आणि त्यांचं काही चूकही नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय झालं गो?" मी सांगितलं. त्या मागे फिरल्या आणि थोड्या वेळाने सुनेच्या हाती कोकमाच्या सरबताची मोठी कळशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरांनू, प्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली बाई आधी पोचू दे. माझ्याकडे देवी मागनं येईल. मी कुठं पळून जाते?"

त्यांचं बघून वरच्या घरातून घावने आले. कुठून चटणी आली. पालखी पुढे नेता येत नव्हती म्हणून नैवेद्याच्या ताटांतलं जेवणच खाली आमच्या अंगणात येऊ लागलं. कुणीतरी सनई काढली आणि हळू वाजवत बसला. मी त्या गावात इतकी वर्षं येते जाते, भांडणं पाहिली, बांधावरून कोर्टकचेऱ्या पाहिल्या. पण ती दुपार पाहिली आणि मनातल्या मनात त्या सगळ्यांच्या पाया पडले. खरंच सांगते, मला ती माणसं फार मोठी वाटली.

पावणेतीन झाले. भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. फोन वाजला नाही. तीन झाले. साडेतीन झाले. त्यांचा चेहरा उतरत चालला. मी नुसतं "येईल हो, येईल" म्हणत होते आणि मानकऱ्यांकडे चोरून बघत होते. ते पडवीत खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. एका खांदेकऱ्याने जाऊन विचारलं, "दादा, सव्वा तास कधीच झाला. उठवायची काय?" मानकऱ्यांनी डोळेही उघडले नाहीत. "विमान हाय ते. घिरट्या घालत असेल. बस खाली."

चारनंतर पिवळं विमान किनाऱ्याला टेकलं. माझ्या भोवती एवढी गर्दी की मला श्वास घेता येईना. विमान उतरलं. आणि फोन वाजला. जावयांनी ताईचा फोन तिकडे चालेल अशी सोय आधीच करून ठेवली होती, त्यांचे सगळे अपराध मी त्या घटकेला माफ केले.

"ताई!"

"पोचले गो. पालखी गेली ना? ओटी नीट भरलीस ना?"

मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, नुसता फोन वर धरून उभी. ढोलवाल्याने काय ते ओळखलं आणि ढोलावर टिपरी मारली. सनई चढली. फोनमधून ताईचा हुंदका ऐकू आला.

मी ओटी भरली. मानकरी पालखीसमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "हे आई, ह्या घरच्या सुनेने तुझ्याकडे गाऱ्हाणं घातलं होतं..."

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"तू ते ऐकलंस. ती परमुलखात आहे, तिची लेक परमुलखात आहे. तिच्या पाठीशी उभी राहा..."

"व्हय म्हाराजा!"

"बोल बाय, तुझ्या तोंडाने बोल."

फोनमधून ताई बोलली. रडत नव्हती. खणखणीत, गाईला हाक मारते त्या आवाजात. "आई, तू माझ्या लेकीची कूस उजवलीस. मी माझा शब्द पुरा केला. आता तिला सुखरूप सोडव." आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिनेच ओरडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मागून कळलं की त्या वेळी ती पासपोर्ट दाखवायच्या रांगेत होती. सगळी रांग वळून बघायला लागली आणि तिच्या पुढच्या अनोळखी माणसाने हात जोडून विचारलं, "गाव कुठला, ताई?"

पोरांनी पालखी उचलली आणि अशी नाचवली की अंगणातली रांगोळी शिल्लक राहिली नाही. भाऊजी तुळशीपाशी उभे राहून पंच्याने डोळे पुसत होते आणि कुणापासून लपवतही नव्हते.

पालखी काकींच्या अंगणाकडे वळली. मानकरी सगळ्यांच्या मागे राहिले. माझ्याजवळून जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "बाय, मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं. आयुष्य त्याच पाण्यातनं गेलं माझं."

मी चाट पडले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला तरी ठाऊक होतं ना? तू का नाय बोललीस?"

ते चालायला लागले, पुन्हा वळले. "माझा पहिला झाला तेव्हा मी तिकडेच बोटीवर होतो. घरची कशी आहे, पोर कसं आहे, काय कळायला मार्ग नाय. निरोपाची वाट बघत किती दिवस काढले ते माझं मला माहीत. त्याच्यापुढे आजची दुपार ती काय." आणि काठी टेकत ढोलाच्या मागे गेले.

ऑपरेशन झालं त्या दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला. मी भाऊजींजवळच होते, स्पीकर लावला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. ताईने बाळाचं रडणं ऐकवलं, नाक कुणाचं, रंग कुणाचा ते सांगून झालं. मग एकदम आठवून तिने विचारलं, "अहो, त्या दिवशी देवी किती वेळ बसली हो आपल्याकडे? सगळ्यांचा खोळंबा झाला असेल ना माझ्यामुळे?"

मी भाऊजींकडे पाहिलं. घड्याळाचा तो सगळा हिशोब मी त्यांना एव्हाना नीट समजावून सांगितला होता. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नाय गो," ते म्हणाले. "सव्वा तास."